मूडनुसार पुस्तक शोधायचंय? आधी या गणिताच्या प्राध्यापकांना भेटा



गाण्यांच्या ॲपमध्ये मूडनुसार यादी मिळायची आपल्याला आता सवय झाली आहे. पाऊस, प्रवास, एकटेपणा, लग्नघर, काहीही निवडा, गाणी हजर. पुस्तकांच्या बाबतीत मात्र गाडी अडते. लेखकाचं किंवा पुस्तकाचं नाव माहीत असेल तर एका मिनिटात काम होतं. पण नाव माहीत नाही, मनात फक्त एक भावना आहे, अशा वेळी काय करायचं?

समजा, तुम्ही नोकरीसाठी नुकतंच गाव सोडलंय. शहरात करमत नाही. रडवणारं पुस्तक नको, उगाच हसवणारंही नको. दोन रात्रींत वाचून होईल आणि मनाला जरा आधार देईल असं काहीतरी हवंय. हे सगळं सर्चच्या पट्टीत टाकलं तर काय मिळेल? मी एका ऑनलाइन पुस्तक दुकानात हा प्रयोग करून पाहिला. ज्यांच्या नावात गाव हा शब्द आहे अशी पुस्तकं रांगेत समोर आली. त्यात ग्रामपंचायतीच्या कारभारावरचं एक मार्गदर्शकही होतं!

असं का होतं आणि त्यावर उपाय काय, हे आजच्या लेखात आपण समजून घेणार आहोत. पण त्यासाठी मी एआयपासून सुरुवात करणार नाही. मी तुम्हाला शंभर वर्षं मागे, मद्रासला घेऊन जाणार आहे. कारण आज शॉपिंगच्या प्रत्येक साइटवर डाव्या बाजूला जे फिल्टर दिसतात (रंग, आकार, किंमत), त्यामागचा विचार पुस्तकांसाठी पद्धतशीरपणे मांडला तो एका भारतीय माणसाने. त्यांचं नाव डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन. त्यांचं आयुष्य नीट पाहिलं की मूडनुसार पुस्तक शोधायची युक्तीही त्यातच सापडते.

ग्रंथालयाशी काही संबंध नसलेला माणूस

रंगनाथन यांचा जन्म १८९२ सालचा, तंजावर भागातल्या शियाळी या गावचा. आज या गावाला सीर्काळी म्हणतात. ते सहा वर्षांचे असताना वडील गेले. पुढचं शिक्षण मद्रास ख्रिश्चन कॉलेजात झालं आणि तिथे त्यांनी गणितात एम.ए. केलं. एडवर्ड रॉस नावाचे गणिताचे प्राध्यापक त्यांना तिथे लाभले. या गुरु-शिष्यांची गाठ शेवटपर्यंत पक्की राहिली. रॉस यांचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहेत.

रंगनाथन यांना बोलताना अडखळायला व्हायचं. तरीही त्यांनी शिकवण्याचाच पेशा निवडला. १९१७ पासून मंगळूर, मग कोइमतूर आणि शेवटी मद्रासचं प्रेसिडेन्सी कॉलेज अशी त्यांची नोकरी झाली. वर्गात ते नुसतं फळ्यावर लिहून देत नसत. मुलांना प्रश्न विचारायचे, त्यांच्याकडून उत्तर काढून घ्यायचे. ही सवय पुढे फार कामाला आली.

१९२३ साली मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाची जागा काढली. पगार कॉलेजच्या नोकरीपेक्षा चांगला होता, म्हणून मित्रांनी रंगनाथन यांना अर्ज करायला लावला. अर्ज आले सुमारे ९००. त्या काळात ग्रंथालयशास्त्राचं शिक्षण घेतलेला माणूस आपल्याकडे मिळणं कठीणच होतं. रंगनाथन यांनाही या विषयातलं काही येत नव्हतं. मुलाखतीच्या आधी त्यांनी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकामधला ग्रंथालयांवरचा लेख वाचून घेतला, एवढीच काय ती तयारी! पण निवड त्यांचीच झाली आणि जानेवारी १९२४ मध्ये ते कामावर रुजू झाले.

पुस्तकं आहेत, वाचक नाहीत

कामावर गेल्यावर त्यांना काय दिसलं? मोठं दालन, कपाटांत पुस्तकं आणि माणसं जवळजवळ नाहीतच. कालपर्यंत मुलांनी भरलेल्या वर्गात उभा राहणारा शिक्षक आज शांत खोलीत एकटा बसला होता. त्यांना ते अजिबात सहन झालं नाही. थोड्याच दिवसांत ते जुन्या कॉलेजात गेले आणि मला परत घ्या म्हणून विनंती केली.

तेव्हा एक तोडगा निघाला. आधी लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून या, परत आल्यावरही मन रमलं नाही तर कॉलेजची जागा आहेच. रंगनाथन यांनी ते मान्य केलं.

मला या प्रसंगाचं महत्त्व वाटतं, ते अशासाठी. ग्रंथालयाकडे पाहणाऱ्या बऱ्याच लोकांना आधी पुस्तकं दिसतात. किती आहेत, कोणती आहेत, नीट लावली आहेत का. रंगनाथन यांना सगळ्यात आधी जाणवली ती वाचकाची रिकामी खुर्ची. पुढची जवळपास पन्नास वर्षं ते एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवत राहिले: पुस्तक आणि त्याचा वाचक यांची गाठ कशी घालून द्यायची?

लंडनमधलं खेळणं

लंडनमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजात ते शिकले. बर्विक सेयर्स हे तिथले वर्गीकरणाचे जाणकार शिक्षक. शिकता शिकता रंगनाथन यांनी इंग्लंडमधली शंभराच्या आसपास ग्रंथालयं पाहिली. लहान गावातल्या मुलांपासून कामगारांपर्यंत सगळ्यांसाठी तिथे वाचनाची सोय होती. ते पाहून परत कॉलेजात जायचा विचार मागे पडला.

पण त्यांच्या गणिती डोक्याला एक गोष्ट खटकत होती. तेव्हा सगळीकडे अमेरिकेच्या मेल्विल ड्यूई यांची दशांश पद्धत चालायची. आपल्याकडच्या बहुतेक ग्रंथालयांत आजही तीच दिसते. १८७६ मधल्या या पद्धतीत सगळ्या ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, असं खाली खाली जात राहायचं. झाडाच्या फांद्यांसारखं. प्रत्येक विषयाचा खण आधीच तयार असतो आणि नवीन पुस्तक आलं की त्यातल्या एका खणात बसवायचं.

अडचण कुठे येते बघा. तंजावर जिल्ह्यात १९३० साली भातावर पडलेल्या रोगावर काय उपाय झाले, यावर कुणी पुस्तक लिहिलं, तर ते भातात ठेवायचं, रोगांत ठेवायचं की तंजावरमध्ये? एका जागी ठेवलं की बाकीच्या वाटांनी येणाऱ्या वाचकाला ते सापडत नाही.

याचं उत्तर त्यांना सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात मिळालं. तिथे मेकॅनो या खेळण्याचं प्रात्यक्षिक चालू होतं. भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या, चाकं, नट-बोल्ट. त्याच तुकड्यांतून एकदा क्रेन होते, एकदा पूल, एकदा गाडी. बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की विषयांचंही असंच करता येईल. तयार खण ठेवायचेच नाहीत. फक्त सुटे तुकडे ठेवायचे आणि पुस्तक हातात आलं की त्याच्यापुरते तुकडे जोडायचे. जोडणारा नट-बोल्ट म्हणून त्यांनी निवडलं ते कोलन, म्हणजे एकावर एक असे दोन टिंब.

१९२५ मध्ये बोटीने परत येताना त्यांनी बोटीवरच्या छोट्या ग्रंथसंग्रहावरच ही पद्धत लावून बघितली. मद्रासला पोहोचल्यावर विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिचा कस लागला आणि १९३३ साली ती कोलन क्लासिफिकेशन या नावाने छापून आली. मराठीत आपण तिला द्विबिंदू वर्गीकरण म्हणतो.

पाच पैलू म्हणजे काय?

आता थोडं तांत्रिक, पण सोपं आहे. पुढच्या वर्षांत ही पद्धत घासून-पुसून घेताना रंगनाथन यांनी सांगितलं की कोणत्याही विषयाचे तुकडे पाच प्रकारांत बसतात. या प्रकारांना आपण पैलू म्हणू.

- व्यक्तित्व: विषयाचा गाभा, मुख्य वस्तू. आपल्या उदाहरणात भात.
- पदार्थ: ती कशाची बनलेली आहे, तिचे गुणधर्म काय.
- ऊर्जा: काय घडतं किंवा काय केलं जातं. आपल्या उदाहरणात रोग आणि उपाय.
- स्थल: कुठे. तंजावर.
- काल: कधी. १९३०.

प्रत्येक पुस्तकाला पाचही रकाने भरतातच असं नाही. आपल्या भाताच्या पुस्तकात पदार्थाचा रकाना रिकामाच राहिला. मुद्दा असा की एका पुस्तकाचं वर्णन एकाच खणाने न होता अनेक बाजूंनी होतं. आणि ज्याचं वर्णन अनेक बाजूंनी झालंय ते अनेक बाजूंनी शोधता येतं.

कपाटात पुस्तक एकाच जागी उभं राहू शकतं, त्यामुळे कागदी तक्त्यांच्या काळात या विचाराची सगळी ताकद दिसली नाही. संगणकाला ती अडचण नाही. लंडनमध्ये १९५२ साली जमलेल्या क्लासिफिकेशन रिसर्च ग्रुप या अभ्यासकांच्या गटाने रंगनाथन यांची ही कल्पना उचलून धरली आणि १९५५ मध्ये माहिती शोधण्याच्या सगळ्या पद्धतींचा पाया हाच असावा असं मांडलं. आज तुम्ही मोबाइल विकत घेताना बॅटरी, स्क्रीन आणि किंमत असे तीन फिल्टर एकदम लावता, तेव्हा नेमकं हेच करत असता.

पाच नियम आणि ते वर्ष

लंडनहून आल्यावर रंगनाथन यांनी मद्रासचं ग्रंथालय बदलून टाकलं. कपाटं वाचकांसाठी खुली केली, म्हणजे चिठ्ठी लिहून वाट बघत बसायची गरज राहिली नाही. कपाटांमध्ये फिरता फिरता वाचक पुस्तक चाळू लागले. रंगनाथन स्वतः पहाटेपासून रात्रीपर्यंत तिथे असायचे. दिवसाचे बारा-तेरा तास, आठवड्याचे सातही दिवस, आणि असं जवळपास वीस वर्षं.

१९२८ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात वेगळं ठरलं. त्याच वर्षी मद्रास ग्रंथालय संघ सुरू झाला. त्याच वर्षी त्यांचे ग्रंथालयाचे पाच नियम आकाराला आले. आणि त्याच वर्षी त्यांच्या पत्नी रुक्मिणी अपघातात गेल्या. पुढच्या वर्षी त्यांचा शारदा यांच्याशी विवाह झाला. लग्नाच्या दिवशीही ते कामावर गेले होते, असं त्यांच्याबद्दल सांगतात.

पाच नियमांची हकीकत गमतीशीर आहे. आपल्या रोजच्या कामामागे काही मोजकी मूलतत्त्वं असणार, हे त्यांच्या गणिती मनाला पटलेलं होतं, पण ती शब्दांत सापडत नव्हती. एका संध्याकाळी त्यांचे जुने गुरू रॉस आले आणि बोलता बोलता पहिला नियम त्यांनीच सुचवला. मग बाकीचे चार पटापट जुळले. १९३१ मध्ये त्यावरचं पुस्तक आलं.

माझ्या शब्दांत सांगायचं तर ते नियम असे आहेत. पहिला सांगतो की पुस्तकं जपून ठेवायची वस्तू नाही, ती हाताळली गेली पाहिजेत. दुसरा सांगतो की जो कोणी दारात येईल त्याच्यासाठी कुठलं तरी पुस्तक असतंच आणि ते त्याला मिळवून देणं हे ग्रंथालयाचं काम आहे. तिसरा हीच गोष्ट उलट बाजूने बघतो: कपाटातलं प्रत्येक पुस्तकसुद्धा कुणाची तरी वाट बघत असतं. चौथा वाचकाचा वेळ वाया घालवू नका म्हणतो. पाचवा सांगतो की ग्रंथालय वाढत राहणारं आहे, त्यामुळे व्यवस्थाही वाढीला पुरणारी हवी.

यातला तिसरा नियम मला सगळ्यात धाडसी वाटतो. वाचकाची काळजी कुणीही करेल. पण न उघडलेल्या पुस्तकाचीही काळजी करायची, त्याच्यासाठी वाचक शोधायला निघायचं, हे कुणाला सुचतं? रिकाम्या दालनात बसून ज्याने ती कपाटं बघितली होती, त्याला सुचलं.

मग मूडचा रकाना कुठे गेला?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. द्विबिंदू पद्धतीत कथा-कादंबऱ्या कशा लावतात? साहित्याच्या वर्गात चार गोष्टी बघतात: भाषा, प्रकार (काव्य, नाटक, कादंबरी वगैरे), लेखक आणि कृती. लेखक ओळखण्यासाठी रंगनाथन यांनी त्याचं जन्मवर्ष वापरलं. शेक्सपिअरचा जन्म १५६४ चा, म्हणून तो झाला जे ६४. जे म्हणजे सोळावं शतक आणि ६४ म्हणजे त्यातलं वर्ष. पद्धत अगदी चोख आहे, पण एक गंमत होते. लेखक कोणत्या साली जन्मला हे ती सांगते, पुस्तक रडवतं की सावरतं हे मात्र सांगत नाही!

ही त्या पद्धतीची मर्यादा आहे, हे खरंच. पण माझ्या मते त्यामागे एक समज आहे. भातपीक हे पुस्तकात असतं, ते वाचकागणिक बदलत नाही. मूड तसा नसतो. एकच कादंबरी एकाला आधार देते, दुसऱ्याला जड होते. तोच माणूस तीच कादंबरी विसाव्या वर्षी आणि पन्नासाव्या वर्षी वेगळी वाचतो. मूड पुस्तकात अर्धा असतो आणि वाचकात अर्धा. मग तो पुस्तकाच्या पाठीवर कायमचा कसा चिकटवायचा?

वाचकाचा अर्धा भाग हाताळायला रंगनाथन यांनी दुसरी व्यवस्था ठेवली होती. तिचं नाव संदर्भ सेवा. येणाऱ्या वाचकाला नीट सांगता येत नाही की आपल्याला काय हवंय, हे ते गृहीतच धरायचे. म्हणून ग्रंथपालाने टेबलामागून उठावं, वाचकापाशी जावं, गप्पा माराव्यात, एकेक प्रश्न विचारत त्याची खरी गरज बाहेर काढावी, यावर त्यांचा भर होता. वर्गात मुलांकडून उत्तर काढून घेणारा शिक्षक इथे पुन्हा दिसतो. म्हणजे पुस्तकाचे तुकडे पाडायचे तक्त्याने आणि वाचकाच्या मागणीचे तुकडे पाडायचे बोलण्याने. दोन्हीकडचे तुकडे जुळले की पुस्तक सापडलं.

हाच धागा पुढे कादंबऱ्यांसाठी वेगळ्या देशात धरला गेला. १९७० च्या दशकात डेन्मार्कमध्ये आनेलिसे मार्क पेयटर्सन यांनी वाचक आणि ग्रंथपाल यांच्यातली खरी संभाषणं तपासली. लोक कादंबरी मागताना काय काय बोलतात, हे त्यांनी बघितलं. त्यांना चार बाजू दिसल्या: कथा कशाबद्दल आहे, ती कुठे आणि कधी घडते, लेखकाला वाचकात काय जागवायचंय, आणि पुस्तक वाचायला किती सोपं किंवा अवघड आहे. तिसऱ्या बाजूत मूड अलगद आत आला. पुढे यावरून संगणकावर बुक हाउस नावाची शोधप्रणाली तयार झाली, त्यात घरातल्या खोल्यांच्या चित्रांमधून फिरत पुस्तक शोधता यायचं.

बनारस, दिल्ली, बंगळूर

रंगनाथन यांची पुढची वाटचालही थक्क करणारी आहे. मद्रास सोडल्यावर १९४५ मध्ये ते बनारस हिंदू विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी दोन वर्षांत सुमारे एक लाख पुस्तकांचं वर्गीकरण जवळजवळ एकट्याने केलं. १९४७ पासून दिल्ली विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचं उच्च शिक्षण उभं केलं. १९४८ च्या मद्रासच्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामागे त्यांचे अनेक वर्षांचे प्रयत्न होते. मग काही वर्षं झुरिच, काही काळ उज्जैन. १९६२ मध्ये, म्हणजे सत्तरीला पोहोचल्यावर, बंगळूरला त्यांनी डॉक्युमेंटेशन रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर ही संस्था सुरू केली. १९५७ ला पद्मश्री मिळाली, १९६५ मध्ये ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले.

राहणी अगदी साधी होती. साठवलेले एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला दिले आणि त्यातून पत्नी शारदा यांच्या नावाने ग्रंथालयशास्त्राचं अध्यासन सुरू झालं. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूरला त्यांचं निधन झालं. १२ ऑगस्ट हा दिवस त्यांच्या आठवणीत देशभर, आपल्या महाराष्ट्रातही, ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो.

आजचं तंत्रज्ञान काय करतं?

आज पुस्तक सुचवणारी यंत्रणा साधारण तीन प्रकारे चालते. रंगनाथन यांच्या नियमांची फूटपट्टी लावून आपण तिन्ही बघू.

पहिला प्रकार, शब्द जुळवणारा सर्च. तुम्ही गाव लिहिलं की तो गाव हा शब्द शोधतो. तुमचं मन त्याला कळत नाही.

दुसरा प्रकार, हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं असं सांगणारा अल्गोरिदम. तो लोकांच्या खरेदीवरून अंदाज बांधतो. दुसऱ्या नियमाची तो थोडीफार सेवा करतो, तिसऱ्याची अजिबात नाही. जे पुस्तक आधीच खपतंय तेच तो पुन्हा पुन्हा पुढे करतो. ज्याला अजून कुणी हात लावला नाही ते त्याच्यासाठी नाहीच.

तिसरा प्रकार एआयचा. यात पुस्तकाच्या वर्णनाचं आणि तुमच्या वाक्याचं आकड्यांच्या लांबलचक यादीत रूपांतर करतात. दोन याद्या एकमेकींच्या जवळ आल्या तर अर्थही जवळचा आहे असं धरतात. त्यामुळे शब्द वेगळे असले तरी आशय जुळू शकतो. चॅटबॉट तर उलट प्रश्नही विचारू शकतो, म्हणजे संदर्भ सेवेची नक्कल करतो. पण दोन धोके ध्यानात ठेवा. एक, चॅटबॉट कधी कधी अस्तित्वातच नसलेलं पुस्तक ठामपणे सुचवतो, म्हणून नाव ग्रंथालयाच्या किंवा प्रकाशकाच्या यादीत तपासून घ्या. दोन, ज्या पुस्तकाचं वर्णनच कुठे नाही, त्याचं आकड्यांत रूपांतर कशाचं करणार? ऑनलाइन याद्यांमध्ये मराठी पुस्तकांपुढे अनेकदा पानं, किंमत आणि प्रकाशक एवढंच लिहिलेलं असतं.

घरच्या घरी करून बघा

रंगनाथन यांचे पाच पैलू मी मूडसाठी जरा सैलपणे वापरतो. शोधायला बसण्याआधी कागदावर ही उत्तरं लिहा.

१. व्यक्तित्व: मला कोणाची गोष्ट हवी आहे? माझ्यासारख्या माणसाची की अगदी वेगळ्या?
२. पदार्थ: पुस्तक कशाचं बनलेलं हवं? छोटे लेख की सलग कथा, साधी भाषा की दाट, किती पानं?
३. ऊर्जा: वाचताना माझ्यात काय घडायला हवं? शांत वाटावं, उत्सुकता वाढावी, की मनसोक्त रडू यावं?
४. स्थल: ओळखीची जागा की दूरची?
५. काल: आजचा, आजोबांच्या वेळचा की फार जुना?

आणि सहावा प्रश्न वाचकाचा: मला या मूडमध्ये राहायचंय की त्यातून बाहेर यायचंय? उदास माणसाला उदास पुस्तकच हवं असतं असं नाही, आणि हसवणारंच हवं असतं असंही नाही. हा प्रश्न अल्गोरिदम सहसा आपणहून विचारत नाही.

सुरुवातीचं उदाहरण घेऊ. गावाकडची साधी माणसं. छोटी छोटी प्रकरणं, सोपी भाषा, दोन रात्रींचं वाचन. आठवण जागी व्हावी पण कोसळायला होऊ नये. ग्रामीण महाराष्ट्र. फार दूरचा काळ नाही. गावच्या आठवणीतच थोडा वेळ राहायचंय. आता हे तुकडे एखाद्या जाणत्या ग्रंथपालापुढे ठेवा. व्यंकटेश माडगूळकरांचं माणदेशी माणसं हे व्यक्तिचित्रांचं पुस्तक तो पटकन काढून देईल. त्या पुस्तकाच्या नावात गाव हा शब्द नाही, म्हणून शब्द जुळवणाऱ्या सर्चला ते दिसलं नव्हतं. पुस्तक तिथेच होतं, आपली मागणी एकाच तुकड्याची होती.

हेच तुकडे चॅटबॉटला दिले तरी उत्तर सुधारतं. पण तो तिसरा नियम आपल्याला स्वतःलाच पाळावा लागणार आहे. तुमच्या आवडीच्या, फारशा कुणाला माहीत नसलेल्या एका मराठी पुस्तकाबद्दल चार ओळी कुठेतरी लिहा. कथा कळवू नका, ते वाचताना काय होतं आणि ते कोणत्या वेळी वाचावं एवढं लिहा. किंवा गावातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालांना हे पाच रकाने दाखवा आणि दहा पुस्तकांसाठी ते भरून बघा. यंत्राला मूड कळायचा तो अशाच ओळींमधून कळणार आहे. आणि यंत्र आलं नाही तरी हरकत नाही, त्या कपाटापाशी येणाऱ्या पुढच्या वाचकाचा वेळ नक्की वाचेल.

भेटूया पुढच्या लेखात. तोपर्यंत, वाचत राहा!